उमरखेडची पाटी

नव्या मुलाला घेऊन पालक आमच्या विशेष शाळेत आले की त्यांचे दोन प्रश्न ठरलेले असत. "मॅडम, हा कधीपर्यंत नीट होईल?" आणि "ह्याचे टक्के किती?" पहिल्याचं उत्तर कुणाकडेच नसतं. दुसऱ्याचं अपंगत्वाच्या सर्टिफिकेटवर छापलेलं असतं आणि थोड्याच दिवसांत घरच्या सगळ्यांना पाठ होतं, कारण एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजनेचे पैसे, निरामयचा एक लाखाचा विमा, सगळं त्या कागदावर अडलेलं असतं. तेव्हाच्या नियमाने बुद्ध्यांक ५० ते ६९ असला तर सौम्य, म्हणजे ५० टक्के. ३५ ते ४९ मध्यम, ७५ टक्के. २० ते ३४ तीव्र, ९० टक्के. त्याच्याही खाली अतितीव्र, पूर्ण १०० टक्के. हे कोष्टक मी पालकांना इतक्या वेळा समजावून सांगितलं आहे की झोपेतही म्हणेन.

पण एकाच चटईवर बसणारी दोन ७५ टक्केवाली मुलं घ्या. दहा वर्षांनी त्यातला एक दळण घेऊन येतो, म्हशीला पाणी दाखवतो, भाच्याला कडेवर घेऊन फिरवतो. दुसऱ्याला आई अजून घास भरवत असते. कागदावरचा आकडा दोघांचा तोच. हा फरक कशाने पडतो, हे बघण्यात माझी पुसदमधली सगळी नोकरी गेली.

मी रुजू झाले तेव्हा १९९५ चा अपंग कायदा नवा होता आणि त्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. बाहेर पडले तेव्हा २०१६ च्या कायद्याने ते २१ केले होते. मतिमंद गेलं, बौद्धिक अक्षम आलं, अपंगाचे दिव्यांग झाले. शाळेच्या पाट्या दोनतीनदा रंगवून झाल्या. मुलं मात्र त्याच दोन वाटांनी येत राहिली. काही पूस नदीच्या खोऱ्यातल्या खेड्यांतून आणि डोंगराकडेच्या तांड्यांवरून. आईबाप शेतमजूर, कापूस वेचणारे, ऊसतोडीला जाणारे. काही गावातली; कापडाचं दुकान, मास्तरकी, सरकारी नोकरी. बाहेरच्यांना पुसद म्हटलं की वसंतराव आणि सुधाकरराव नाईक, असे दोन मुख्यमंत्री आठवतात. आम्हाला आठवतं ते हे, की तांड्यावरचं आणि बंगल्यातलं मूल एका चटईवर बसून एका डब्यातलं खातं अशी गावात फार ठिकाणं नाहीत, आणि आमची शाळा त्यातली एक होती.

आमच्याकडे मुलाची चाचणी करताना एक जुनी पट्टी वापरत. अमेरिकेत व्हाइनलँडच्या शाळेत एडगर डॉल यांनी १९३५ च्या सुमारास ती तयार केली. भारतीय मुलांसाठी तिचं रूपांतर झालं आपल्या नागपूरला, डॉ. ए. जे. मालिन यांच्या हातून. तिच्यात मुलाला कोडी घालत नाहीत, आईला बसवून विचारतात. स्वतः पाणी पितो का? शेजारी एकटा जातो का? पैसे हातात दिले तर सांभाळतो का? डॉल यांनी गुण द्यायची जी रीत घालून दिली तिच्यात हो आणि नाही यांच्या जोडीला आणखी एक खूण आहे: संधी मिळालेली नाही. मुलाला जमलं असतं, पण करायची वेळच कुणी येऊ दिली नाही, अशासाठी ती खूण. प्रशिक्षणात ती घाईघाईने उरकली जाते आणि परीक्षेत तिच्यावर कुणी प्रश्न विचारत नाही. मला नोकरीत सगळ्यात जास्त उपयोग तिचाच झाला. गावातल्या चांगल्या घरच्या मुलांच्या तक्त्यात ही खूण ओळीने पडायची. तांड्यावरच्या मुलांच्या तक्त्यात क्वचित.

अशीच गावातली एक मुलगी होती. डाउन सिंड्रोम, गोल चेहरा, बोलायला गोड. चार भावंडांत धाकटी. घरात माणसं भरपूर आणि सगळ्यांचा जीव तिच्यावर. तिने तांब्याकडे नुसतं बघितलं की पेला तिच्या तोंडाशी. नऊ वर्षांची झाली तरी फ्रॉकचं बटण कधी तिच्या बोटाला लागलेलं नव्हतं. शाळेत बटण लावायला सांगितलं की दोन्ही हात बाजूला करून, मान वर करून उभी राहायची, राणीसारखी. आई खजील व्हायची आणि पुढे होऊन लावून टाकायची. एकदा मला म्हणाली, "मॅडम, सकाळी सातला रिक्षा येते. तिच्या बटणासाठी दहा मिनिटं कुठून आणू?" तिचं चुकत नव्हतं. ह्या मुलांना शिकवणं म्हणजे सगळ्यात आधी वेळ देणं, आणि वेळ ही गोष्ट घराघरांत टंचाईचीच असते.

बटण शिकवायची आमची पद्धत उलटी आहे. चार बटणं असतील तर साडेतीन आपण लावायची. शेवटचं बटण काजातून अर्धं बाहेर काढून ठेवायचं आणि मुलाने ते फक्त ओढायचं. ओढलं की काम पूर्ण, आणि ते पूर्ण केलं कुणी? त्याने. मग हळूहळू मागे सरकायचं: अर्धं बटण, सबंध बटण, दोन बटणं. पहिल्यापासून शिकवायला गेलं तर मूल पहिल्याच पायरीवर अडखळतं आणि शेवट मोठ्यांच्या हातून होतो. उलटं केलं की शेवट दर वेळी त्याच्या वाट्याला येतो. हे तंत्र सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेच्या पुस्तकांत आहे, सगळ्या विशेष शिक्षकांना येतं. तरी ही मुलगी वर्षभर अर्ध्या बटणावरच राहिली, कारण तिला बटण लावून घ्यायचं काही कारणच नव्हतं. ते घरी आपोआप लागत होतं.

पुढे तिच्या आजीला अर्धांगाचा झटका आला. आजीचा उजवा हात गेला आणि घरातली सगळी माणसं दवाखान्याच्या धावपळीत. आजीच्या खोलीत दिवसभर बसायला मोकळी होती ती हीच. आजी तिला म्हणायची, "माझं पांघरूण घे, माझी माळ दे, माझ्या पोलक्याची बटणं लाव." आणि ही लावायची. आजीकडे दुसरं कुणी नव्हतं आणि घाई तर अजिबात नव्हती. त्या पावसाळ्यात तिने आजीची बटणं लावली, आजीला चमच्याने भात भरवला आणि मग एक दिवस शाळेत स्वतःचा फ्रॉक स्वतः घालून आली. बटणं एक घर चुकली होती. आम्ही कुणी ती सुधारली नाहीत.

मणी ओवण्याचं सांगायला हवं. विशेष शाळेत मण्यांचा डबा असतोच. बोटांना वळण लागावं, नजर आणि हाताची सांगड बसावी म्हणून मुलं मोठे मणी दोरीत ओवतात. एक मुलगा हे काम उत्तम करायचा, पण बिस्किटावर. पाच मणी, एक पारले-जी. बिस्किट बंद की मणी जमिनीवर. बक्षीस कामाला लागेपर्यंत द्यावं, मग कमी करत न्यावं, असं पुस्तक सांगतं. ह्याचं कमी होतच नव्हतं. मग आमच्यातल्या एका काळजीवाहक बाईंनी, ज्यांनी कसलाही कोर्स केला नव्हता, एक साधी गोष्ट बोलून दाखवली. पोरगा दिवसभर ओवतो आणि शाळा सुटताना तुम्ही त्याच्यासमोर माळ सोडून मणी डब्यात भरता. तो कशाला ओवेल?

तान्हा पोळा जवळ आला होता. विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते, बैलपोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा भरतो. लाकडाचे छोटे बैल सजवून मुलं मिरवतात आणि घरोघरी बोजारा मागतात. ह्या मुलाच्या बैलाच्या गळ्यात माळ घालायची ठरलं. तेच मणी, तीच दोरी. तो अख्खी मधली सुट्टी ओवत बसला. बिस्किट समोर ठेवलं तर ते बाजूला सरकवून बसला. एक मणी निळा होता, बाकीचे लाल. निळा बरोबर मधे यावा म्हणून त्याने दोनदा माळ स्वतः सोडली आणि पुन्हा ओवली. पोळ्यानंतर ती माळ त्याच्या घरी खुंटीला होती. त्यानंतर आमच्या शाळेत ओवलेली माळ सोडायची नाही असा नियम झाला. मण्यांचा खर्च वाढला, त्यावर बैठकीत थोडी कुरकुरही झाली.

सौम्य गटातल्या मुलांची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त अवघड. ही मुलं आमच्याकडे उशिरा येतात. चौथी-पाचवीपर्यंत साध्या शाळेच्या शेवटच्या बाकावर काढलेली असतात. असाच एक अकरा-बारा वर्षांचा मुलगा आला. कुठलंही कार्ड समोर धरा, कार्डाकडे बघायच्या आधी म्हणायचा, "मले येत नाही." आवाजात तक्रार नाही, लाज नाही, नाव सांगावं तसं सांगायचा. आग्रह केला तर उत्तर द्यायचा आणि पुष्कळदा बरोबर द्यायचा. त्याची गंमत माझ्या एका सहकाऱ्याने पकडली. चार चित्रं मांडून "आंबा दाखव" म्हटलं की ह्याचं बोट चित्रांवरून हळूहळू फिरायचं आणि डोळे आमच्या तोंडावर. बोट आंब्यावर आलं की आमच्या भुवया नकळत हलत, आणि बोट तिथे थांबायचं. आंबा त्याने बघितलेलाच नसायचा. सहकारी मग त्याच्या समोर बसायचे सोडून बाजूला, खांद्याला खांदा लावून बसू लागले, तोंड खिडकीकडे करून. पहिले काही दिवस तो मुलगा गोंधळून गेला. उत्तरं जास्त चुकू लागली. आम्ही त्याला चांगलं लक्षण मानलं, कारण निदान आता तो चित्रांकडे बघत होता.

हे आमचंच निरीक्षण असं मला बरेच दिवस वाटायचं. नंतर कळलं, येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड झिगलर ह्याच विषयावर आयुष्यभर काम करत होते. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: ह्या मुलांचं मागे पडणं नुसत्या बुद्धीच्या हिशेबात बसत नाही. सारखं अपयश आलेलं मूल अपयश धरूनच चालतं. स्वतःच्या डोक्यावर त्याचा भरवसा उरत नाही, म्हणून ते मोठ्यांच्या तोंडाकडे बघून वागतं. आणि थोडंसं जमलं की तिथेच थांबतं, कारण पुढे गेलं तर पुन्हा तोंडघशी पडण्याची भीती. म्हणजे दोन मुलांचं मानसिक वय चाचणीत सारखं आलं तरी एक ते वापरतं आणि दुसरं ते झाकून ठेवतं. आमचा "मले येत नाही"वाला झाकून ठेवणाऱ्यांतला होता. तो उघडला तो खिचडीमुळे. त्याला लहान गटाच्या ताटल्या वाटायचं काम दिलं होतं. तिथे त्याच्याहून लहान, त्याच्याहून कमी समजणारी मुलं त्याच्याकडे बघायची, त्याच्या तोंडाकडे. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याला विचारत होतं.

आता ज्या मुलावरून ह्या लेखाचं नाव पडलं त्याचं सांगते.

आई रोजंदारीवर, म्हणून ह्याला वाढवलं मोठ्या बहिणीने. ती त्याच्याहून सहासात वर्षांनी मोठी. शाळेत सोडायला तीच, न्यायला तीच. मुलगा मध्यम गटातला, बोलणं चारदोन शब्दांचं. अक्षरओळख त्याला बरीच वर्षं करून पाहिली. अ अननसाचा म्हटलं की तो अननसाच्या चित्रावर हात ठेवायचा. अननस त्याने कधी खाल्लं नव्हतं. आम्ही अक्षरांचा नाद सोडला आणि हात धुणं, कपडे घड्या करणं ह्यावर आलो, जे योग्यच होतं.

बहिणीचं लग्न झालं, उमरखेडला दिलं. लग्नात हा नाचला. दुसऱ्या दिवशीपासून दारात बसून राहिला. जेवण कमी झालं. चड्डीत व्हायला लागलं, जे कितीतरी वर्षांपूर्वी थांबलेलं होतं. शाळेत समोरच्याला चावला. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं, भगत झाला, अंगारा झाला. आमच्या भाषेत ह्याला वर्तनसमस्या म्हणतात आणि तिच्यासाठी तक्ता भरतात. तक्त्यात कारणाच्या रकान्यात आम्ही लिहिलं, बहीण गेली. त्यावर उपाय काय लिहिणार?

उपाय त्यानेच काढला. बहीण पहिल्या सणाला येऊन परत जाताना हा तिला सोडायला स्टँडवर गेला आणि तिची बस त्याने बघून ठेवली. मग बापाच्या मागे लागून तो वरचेवर स्टँडवर जाऊ लागला. बाप सांगायचा, पोरगा बसच्या पाट्यांकडे बघत उभा राहतो. आम्ही शाळेत पुठ्ठ्यावर पाट्या केल्या, एसटीसारख्याच, मोठ्या अक्षरांत: दिग्रस, वाशिम, नांदेड, उमरखेड. त्याने उमरखेड उचलली. पुठ्ठे पिसले, उलटसुलट केले, अक्षर बारीक केलं, तरी उमरखेडच उचलली. एका सहकाऱ्याला शंका, हा पहिल्या उ वर जात असेल. त्यांनी एक पुठ्ठा नवा केला, उमरेड. उमरेड नागपूरकडचं, सुरुवात तीच, शेवटही तोच. मुलाने तो पुठ्ठा हातात घेतला, बराच वेळ बघितला, मग रे आणि ड यांच्या मधल्या जागेवर बोट आपटून म्हणाला, "नाही." ख नव्हता तिथे.

पुढचं काम मोठं होतं. आधी बापाबरोबर प्रवास. मग बाप पुढच्या सीटवर आणि हा मागे. मग मी मागच्या सीटवर, त्याला दिसणार नाही अशी. पास गळ्यात, पैसे खिशात मोजून, उमरखेडच्या स्टँडवर बहीण उभी. शेवटी एकदा तो एकटा बसला. त्या मार्गावरचे एक कंडक्टर फार समजूतदार होते. त्यांनी त्याच्याकडे हात पुढे करून पैसे मागितले, तिकीट त्याच्याच हातात दिलं आणि बाकी कुणाला काही विचारलं नाही.

तो पुढे वाचायला शिकला असं मात्र झालं नाही. कमळ, बदक, शाळा हे शब्द त्याला शेवटपर्यंत आले नाहीत. एक नाव आलं. पण चड्डीत होणं थांबलं, चावणं थांबलं, आणि दर महिन्याला बहिणीकडे जायचं म्हणून तो पैशाची नाणी ओळखायला लागला, आंघोळ स्वतः करायला लागला, वार विचारायला लागला. जे कारण त्याला खाली घेऊन गेलं होतं त्याच कारणाने तो वर आला. आमच्या शिकवण्याचा वाटा त्यात पुठ्ठ्यांपुरता.

सगळ्यांचं असं होत नाही. दिवाळीनंतर आमच्याकडचा पट निम्म्यावर यायचा, कारण तांड्यांवरून गाड्या ऊसतोडीला निघायच्या. चांगल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. ज्याला कपडे घालून द्यावे लागतात त्या मुलाला तिथे कोण ठेवून घेणार? ते मूल आईबापांबरोबर फडावर जातं, कोपीत राहतं. एका मुलीला फिट यायच्या. ह्या मुलांमध्ये फिटचं प्रमाण बरंच असतं आणि गोळ्या एकही दिवस न चुकवता द्याव्या लागतात. एकदम थांबवल्या तर फिट दुपटीने उसळतात. फडावर गोळ्या संपल्या. जवळपास दुकान नाही, मुकादम सोडेना. उन्हाळ्यात ती परत आली तेव्हा चालताना झोक जात होता आणि आमची नावं ती विसरली होती. दिवाळीआधी तिने ताट-वाटी-पेला ओळीने मांडायला शिकून घेतलं होतं, आणि त्याचा तिला मोठा अभिमान होता. तिची हौस कमी पडली नव्हती. गोळी कमी पडली.

म्हणून ३ डिसेंबरच्या, दिव्यांग दिनाच्या कार्यक्रमात प्रमुख पाहुणे "मनात जिद्द असेल तर काहीही अशक्य नाही" असं म्हणू लागले की मला राग यायचा. समोर बसलेल्या आयांना ते वाक्य वेगळं ऐकू जातं. तुमचं मूल पुढे गेलं नाही म्हणजे तुम्ही जिद्द कमी केलीत, असं. आधीच नवरा म्हणतो तिनेच लाडावलं, सासू म्हणते ग्रहणात भाजी चिरली, आणि आता स्टेजवरून हे. काही मुलांच्या मेंदूला जन्माच्या वेळी प्राणवायू न मिळाल्याने इजा झालेली असते. काहींना मेंदूज्वर झालेला असतो. थायरॉइडची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांत रोजची एक गोळी सुरू झाली तर त्याची बुद्धी बहुतेक वाचते. उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. ह्यात कुणाच्या मनाचा काय संबंध? अतितीव्र गटातला एक मुलगा आमच्याकडे आठ-नऊ वर्षांत एवढंच शिकला की बापाच्या गाडीचा आवाज आला की मान तिकडे वळवायची. बापाने मला ते दहा वेळा करून दाखवायला लावलं. मलाही ते प्रगतिपुस्तकात लिहायला आवडलं.

तरीही परिस्थिती बदलली तर मूल किती बदलतं ह्याचा एक जुना दाखला मला कायम धीर देत आला. १९३० च्या दशकात अमेरिकेत आयोवामध्ये हॅरॉल्ड स्कील्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने अनाथालयातली १३ लहान बाळं, जी मंद म्हणून दत्तक देण्यालायक ठरली नव्हती, मतिमंदांच्या संस्थेत, तिथल्या स्त्रियांकडे हलवली. त्या स्त्रियांनी त्यांना मांडीवर घेतलं, खेळवलं, वाटून घेतलं. बाळांचा बुद्ध्यांक सरासरीने २८ च्या आसपास वाढला. अनाथालयातच राहिलेल्या १२ बाळांचा साधारण तेवढाच घसरला. स्कील्स यांनी १९६६ मध्ये पुढची हकीकत छापली तेव्हा त्या तेराही जणांचं स्वतःच्या पायावर उभं राहून नीट चाललं होतं. अभ्यास लहान आहे, त्याच्यावर वादही झाले. पण बाळांना वाढवणाऱ्या त्या स्त्रिया स्वतः मंद म्हणून कोंडलेल्या होत्या, हे मला विसरता येत नाही.

आपल्याकडे अमरावती जिल्ह्यात परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस दिव्यांग मुलांना आसरा दिला आणि कागदोपत्री वडील म्हणून स्वतःचं नाव लावलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर काढायचा नियम ह्या मुलांना लावू नका, त्यांना कायम राहू द्या, ही त्यांची जुनी मागणी आहे. तिचं मोल आमच्यासारख्यांना कळतं. अठरावं लागलं की आमच्याही शाळेतून नाव कमी होतं. सोळा-सतराव्या वर्षी जे मूल नुकतं कुठे खुलायला लागलेलं असतं ते घरी जाऊन ओट्यावर बसतं, आणि दोन वर्षांत शिकलेलं बरंच विसरतं.

२०२० मध्ये कोरोनामुळे शाळा बंद पडल्या तेव्हा घरी बसल्यावर काय होतं ह्याची चुणूक आम्हाला मिळाली, पण सगळ्यांचं सारखं झालं नाही. शेतावर राहणारी काही मुलं त्या काळात चक्क पुढे गेली. बापाबरोबर ओलिताला जाणं, तुरीच्या शेंगा तोडणं, वानरं हाकलणं. दिवसभर काहीतरी करायला, आणि ते न केलं तर ओरडा. गावातल्या दोन खोल्यांत अडकलेली मुलं मोबाइलवर गेली आणि वजन वाढवून परत आली. शेत म्हणजे स्वर्ग असं मला म्हणायचं नाही. काम देणं आणि राबवून घेणं ह्यांच्यातली रेषा फार बारीक आहे. आमचा एक माजी विद्यार्थी एका हॉटेलात पहाटेपासून रात्रीपर्यंत कपबशा विसळायचा आणि मालक त्याला दोन वेळचं जेवण आणि सणाला शर्ट देत असे. "त्याले पैसे काय समजतात?" असं मालकाचं म्हणणं. बापाने भांडून रोजचे पन्नास रुपये त्याच्याच हातात द्यायला लावले. मुलगा ते संध्याकाळी आईला द्यायचा, त्यातले दहा परत मागून घ्यायचा आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून सांबारवडी आणायचा. पैसे त्याला चांगले समजत होते.

म्हणून पुसदच्या काय आणि कुठल्याही गावच्या काय, दुकानदारांना आणि कंडक्टरांना माझी एक विनंती आहे. असं मूल समोर आलं तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारू नका, त्यालाच विचारा, काय पाहिजे. उत्तर यायला वेळ लागेल, तेवढं थांबा. पैसे त्याच्या हातून घ्या आणि उरलेले त्याच्याच हातावर मोजून ठेवा. त्याने कमी दिले तर कमी आहेत असं सांगा, घरी जाऊन आणू द्या. कौतुकाने फुकट चॉकलेट देऊ नका. गिऱ्हाइकांची गर्दी असेल तर दुपारी ये म्हणून स्पष्ट सांगा. तो दुपारी येतो.